बोटॉक्सनं ताठरपणा सुटतो, आखडलेला स्नायू लांबत नाही

पक्षाघात होऊन काही महिने उलटले की घरच्यांपुढे एक नवीच अडचण उभी राहते. सुरुवातीला लुळा पडलेला हात हळूहळू घट्ट होऊ लागतो. कोपर दुमडतं, मनगट आत वळतं, मूठ मिटते ती उघडतच नाही. नखं कापायला घ्यावीत तर बोटं आणखी आवळतात. तळहातात घाम साचून वास येतो, कधी नख रुतून जखम होते. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडण्याचा आजार, असलेल्या मुलांमध्ये हाच त्रास बहुतेकदा पायांत दिसतो. टाच जमिनीला टेकत नाही, मूल चवड्यांवर चालतं, मांड्या एकमेकींवर घासत राहतात. अशा वेळी डॉक्टर म्हणतात, ‘बोटॉक्स देऊन बघू या.’ आणि घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: ते सुरकुत्यांचं इंजेक्शन ना?

तेच ते. फक्त सुरकुत्यांचा नंबर बराच उशिरा लागला. सॅन फ्रान्सिस्कोतले नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट तिरळ्या डोळ्यांवर शस्त्रक्रियेऐवजी दुसरा उपाय शोधत होते. डोळा एका बाजूला खेचणाऱ्या स्नायूत त्यांनी बोटॉक्सचा, म्हणजे मुळात बोट्युलिनम या जिवाणूच्या विषाचा, अगदी सूक्ष्म डोस देऊन पाहिला आणि १९८० साली माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांच्या झटक्यांसाठी औषधाला १९८९ साली मान्यता मिळाली, कपाळावरच्या आठ्यांसाठी २००२ साली. मोठ्यांच्या हाताच्या ताठरपणासाठी तिथली अधिकृत मान्यता २०१०ची आणि पायासाठी २०१६ची. डॉक्टर मात्र त्याआधी कितीतरी वर्षं ते यासाठी वापरत होते.

या इंजेक्शनबद्दल लोकांची दोन टोकं असतात. एक म्हणजे ‘आता हात चालायला लागणार’, आणि तीन महिन्यांनी दुसरं, ‘पैसे पाण्यात गेले’. दोन्हींचं मूळ एकच. ताठरपणा एकाच प्रकारचा असतो असं आपण धरून चालतो. तो दोन प्रकारचा असतो, आणि बोटॉक्सचा संबंध त्यातल्या एकाशीच आहे.

एकाच पायात दोन ताठरपणे

आपल्या प्रत्येक स्नायूत ताण मोजणारे बारीक संवेदक असतात. स्नायू झटकन ताणला गेला की ते मज्जारज्जूला कळवतात आणि मज्जारज्जू त्याच स्नायूला आकसण्याचा हुकूम देतो. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो तो यामुळेच. निरोगी माणसात मेंदू या प्रतिक्षेपावर सतत अंकुश ठेवून असतो. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की हा अंकुश सुटतो. मग जरासं ताणलं तरी स्नायू उलटा आवळतो, आणि जितक्या वेगानं ताणावं तितका जास्त आवळतो. वैद्यकात याला स्पॅस्टिसिटी म्हणतात, आणि वेगाशी असलेलं हे नातं हीच तिची ओळख.

दुसरा ताठरपणा स्नायूच्या स्वतःच्या बांध्यातला. महिनोन्‌महिने आखडलेल्या स्थितीत राहिलेला स्नायू त्या स्थितीला जुळवून घेतो. स्नायूतंतू हे सार्कोमिअर नावाच्या सूक्ष्म एककांची एकापुढे एक जोडलेली रांग असते. मांजरीचा पाय चार आठवडे पोटरी आखडलेल्या स्थितीत प्लास्टरमध्ये ठेवला, तर पोटरीच्या सोलियस स्नायूतली या रांगेतली सुमारे ४० टक्के एककं नाहीशी झाली, असं १९७२ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. प्लास्टर काढल्यावर ती काही आठवड्यांत परतही आली. निरोगी मांजर होती ती, हे मात्र विसरायचं नाही. आजारी स्नायूत याच्या जोडीला तंतूंच्या भोवतीचं कोलॅजन वाढतं आणि सगळा स्नायू चिवट होतो. याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. इथे आवळण्याचा हुकूम कुठूनच येत नाही. रुग्ण भूल देऊन झोपवला तरी सांधा पूर्ण उघडत नाही.

कुणी आपली बाही मुठीत धरून ठेवली असेल तर मूठ सुटताच बाही मोकळी होते, पण शिंप्यानं मुळात बाहीच आखूड शिवली असेल तर मूठ सोडवून काय उपयोग? बोटॉक्स मूठ सोडवतं.

आता प्रश्न असा की आपल्या माणसात कुठला ताठरपणा किती, हे कळायचं कसं. फिजिओथेरपिस्ट हे यंत्राशिवाय, निव्वळ हातानं ओळखतात, आणि ते एकदा जवळून बघण्यासारखं असतं. मूल उताणं झोपलेलं, गुडघा सरळ. फिजिओ टाच तळहातात धरतात आणि पाऊल अगदी सावकाश वर, नडगीच्या दिशेनं आणतात. जिथे ते थांबतं तो कोन टिपून ठेवतात. मग तीच हालचाल झटक्यानं. आता पाऊल बरंच आधी, मध्येच कुठेतरी खटकन अडकतं, आणि क्षणभरानं सैल पडतं. तो दुसरा कोन. समजा, सावकाश नेल्यावर पाऊल काटकोनाच्या १० अंश पुढे गेलं, पण झटक्यात काटकोनाच्या १५ अंश अलीकडेच अडकलं. मधला २५ अंशांचा फरक हा हुकमाचा ताठरपणा. बोटॉक्सला तिथे वाव आहे. पण सावकाश आणि झटक्यात, दोन्ही वेळा पाऊल १५ अंश अलीकडेच थांबत असेल, तर तो स्नायूच आखूड झालाय. तिथे इंजेक्शननं फारसं काही हाती लागणार नाही. ही पद्धत फ्रान्सच्या तार्द्यू यांच्या नावानं ओळखली जाते. माझं तर स्पष्ट मत आहे की इंजेक्शनचा सल्ला मिळाला की हे दोन कोन किती आहेत ते घरच्यांनी विचारावं. आकडे सांगणारे डॉक्टर भेटले तर चांगल्या हाती पडलो असं समजायला हरकत नाही.

प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांत दोन्ही ताठरपणे मिसळलेले असतात. दिवस जातात तसतसा दुसऱ्याचा वाटा वाढत जातो. म्हणून लवकर केलेले उपचार जास्त फळतात.

विष नेमकं काय करतं

क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू हे विष तयार करतो. खराब झालेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचं बारकाईनं वर्णन १८२०च्या सुमारास जर्मनीतले डॉक्टर युस्टिनस कर्नर यांनी केलं. नसांचा अतिरेकी चाळा शांत करायला हेच विष अल्प प्रमाणात वापरता येईल, हेही त्यांनी तेव्हाच सुचवून ठेवलं होतं. ते खरं व्हायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

नस, म्हणजे मज्जातंतू, स्नायूला हुकूम देते तो अॅसिटिलकोलिन या रसायनामार्फत. नसेच्या टोकाशी हे रसायन सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. संदेश आला की पिशवी टोकाच्या भिंतीला चिकटते आणि स्नायूच्या बाजूला रिकामी होते. पिशवी भिंतीला चिकटवणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचं नाव स्नॅप-२५. ‘ए’ प्रकारचं बोट्युलिनम विष नसेच्या टोकात शिरून नेमकं हे स्नॅप-२५ कापून टाकतं. पिशव्या भरलेल्या असतात, संदेशही येत असतो, पण माल बाहेर पडत नाही. नस मरत नाही, स्नायूही मरत नाही. मेंदूतली मूळ इजा तर जिथल्या तिथे असते.

परिणाम लगेच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी ते आठवड्याभरानं स्नायू सैल पडू लागतो, साधारण दोन ते सहा आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतो आणि तीन-चार महिन्यांत तो ओसरतो. नस दरम्यान नवे कोंब फोडून स्नायूशी संपर्क साधू पाहते, आणि पुढे जुनं टोकच कामाला लागतं. एक बारकावा असा की ताण मोजणाऱ्या संवेदकांमध्येही छोटे स्नायूतंतू असतात, आणि विष त्यांनाही सैल करतं. त्यामुळे ताण लागल्याची ओरडही कमी होते. म्हणजे हुकूम कमी आणि तक्रारही कमी.

सुई कुठे टोचायची हे ज्याचं त्याचं कसब आहे. कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात बोटं मिटवणारे स्नायू एकावर एक थरांत असतात, आणि एकाच स्नायूतले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या बोटांना जातात. म्हणून सोनोग्राफीत बघून सुई घालतात, किंवा सुईतून हलका विद्युतप्रवाह सोडतात. अनामिका एकटीच टुणकन हलली की समजायचं, सुई बरोबर तिच्याच भागात आहे. मग औषध. नुसत्या अंदाजानं टोचण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

औषध युनिटमध्ये मोजतात आणि वेगवेगळ्या कंपन्यांची युनिटं सारखी नसतात. बोटॉक्सचं १ युनिट म्हणजे डिस्पोर्टचं १ युनिट नव्हे. मागच्या वेळी कुठलं औषध, कुठल्या स्नायूत, किती दिलं, हा कागद फाइलमध्ये जपून ठेवा. गाव किंवा डॉक्टर बदलला तर त्याची फार गरज पडते. १२ आठवड्यांच्या आत सहसा पुन्हा देत नाहीत.

मग ताणायचं कशाला?

इथे एक गैरसोयीची गोष्ट सांगायलाच हवी. घरोघरी सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं पाय ओढून ताणण्याचा जो व्यायाम होतो, त्यानं आखडलेला स्नायू लांबतो याला भक्कम पुरावा नाही. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७च्या आढाव्यात या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांत सात महिन्यांपेक्षा कमी काळ केलेल्या स्ट्रेचिंगनं सांध्याच्या हालचालीत पडलेला फरक सरासरी २ अंशांच्या आसपास निघाला. तो नसल्यातच जमा. निरोगी माणसं रोज ताणून लवचीक होतात ना, असं कुणी म्हणेल. होतात, पण पहिल्या काही आठवड्यांत तिथेही स्नायू लांबण्यापेक्षा ताण सहन करण्याची क्षमता वाढलेली असते, असंच बरेचसे प्रयोग सांगतात.

याचा अर्थ व्यायाम बंद करा असा अजिबात नाही. सांधा रोज हलता राहिला की आंघोळ, कपडे, बसणं सोपं जातं, दुखणं कमी राहतं. पण स्नायूची लांबी बदलायची तर ताण थोडा आणि वेळ भरपूर लागतो. तार्द्यूंच्याच गटानं १९८८ साली सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या पोटरीवर नजर ठेवली. दिवसातून सहा तास किंवा जास्त वेळ ज्यांची पोटरी ताणलेली राहत होती, त्यांचं आखडणं वाढलं नाही. दोन तासांच्या आसपास असलेल्यांत ते वाढत गेलं. अभ्यास लहान होता, तरी त्यानं दिशा दाखवली. सहा तास हातानं पाय धरून कोण बसणार? म्हणून सांधा ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा स्प्लिंट, म्हणून पायाचा एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा, बुटात बसणारा स्प्लिंट), म्हणून उभं राहण्याची चौकट, म्हणून प्लास्टर.

आणि बोटॉक्स आणि स्ट्रेचिंगची गाठ इथेच पडते. आवळणाऱ्या स्नायूवर स्प्लिंट टिकतच नाही. टाच बुटातून वर निसटते, कातडी लाल होते, मूल रडतं, आणि आठवड्याभरात एएफओ पलंगाखाली जातो. इंजेक्शननंतर तोच स्प्लिंट सहज बसतो आणि तासन्‌तास राहतो. बोटॉक्स स्वतः लांबी वाढवत नाही, लांबी वाढवणाऱ्या गोष्टींना वाट करून देतं. पोटरी थोडीफार आखूड झालेली असेल तर इंजेक्शननंतर साधारण दोन आठवड्यांनी प्लास्टर घालतात. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी ते काढून पाऊल आणखी थोडं वर घेऊन नवं घालतात, असं काही वेळा.

हातानं ताण देतानाही रीत असते. पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघा ओलांडून मांडीच्या हाडाला लागतो, त्यामुळे गुडघा वाकवून ताणलं तर तो सुटून जातो आणि फक्त खालचा सोलियस ताणला जातो. दोन्ही हवेत, तर दोन्ही तऱ्हांनी करावं. जोर टाचेवर द्यायचा, टाच खाली ओढायची आणि तळपाय आपल्या हाताच्या आतल्या बाजूवर टेकवायचा. पुढचा चवडा धरून वर दाबला तर पाऊल मधूनच वाकतं. लांबून वाटतं छान वर आलं, पण पोटरी तेवढीच आखूड राहते आणि पावलाची कमान मोडते.

मिटलेल्या मुठीचंही तसंच. बोटं थेट धरून उपसू नयेत. बोटं मिटवणारे स्नायू मनगटावरून जातात, म्हणून आधी मनगट तळहाताच्या बाजूला वाकू द्यावं. ते सैल पडतात. मग अंगठा टोकाला न ओढता बुडाशी धरून बाहेर घ्यावा, बोटं एकेक करून उलगडावीत, तळहात पुसून कोरडा करावा. आणि बोटं सरळ धरूनच मनगट हळूहळू वर आणावं. घाई केली की मूठ पुन्हा मिटलीच. इंजेक्शन घेतलेलं नसलं तरी ही युक्ती चालते, आणि ती दवाखान्यात कुणी का सांगत नाही हे मला कोडंच आहे.

ताणाइतकंच, किंबहुना जास्त महत्त्वाचं म्हणजे समोरच्या स्नायूला बळ देणं. पोटरी सैल झाली, पण पाऊल वर उचलणारा नडगीचा स्नायू दुबळाच राहिला तर औषध ओसरताच गाडी पूर्वपदावर. त्या तीन महिन्यांत मुलाला चढावर चालवणं, बसून पाऊल उचलायला लावणं, पक्षाघाताच्या रुग्णाला पेला धरायला आणि मुख्य म्हणजे सोडायला शिकवणं, हे खरं काम. रोजची कामं हाच व्यायाम झाला तर उत्तम.

वारंवार घेतल्यानं काय होतं

हुकूम मिळत नाही तो स्नायू वापरला जात नाही, आणि न वापरलेला स्नायू बारीक होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत वारंवार इंजेक्शन दिल्यावर स्नायू सुकलेला आणि त्याच्या जागी काही प्रमाणात चरबी भरलेली आढळली. उंदरांवरच्या काही प्रयोगांत तर चक्रावून टाकणारं दिसलं: विष दिल्यानंतर स्नायूचा स्वतःचा, हुकमाविना असलेला कडकपणा कमी होण्याऐवजी वाढला. ते उंदीर निरोगी होते, त्यामुळे हे जसंच्या तसं माणसाला लावता येत नाही. पण बाही आखूड करणारा शिंपी इंजेक्शननंतरही कामावर असू शकतो, एवढं ध्यानात ठेवायला हवं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे स्नायू आधीच लहान असतात. म्हणून आता अनेक तज्ज्ञ दर तीन-चार महिन्यांनी ठरल्याप्रमाणे टोचत राहण्यापेक्षा दोन इंजेक्शनांमध्ये जास्त अंतर ठेवणं आणि गरज नसेल तर न देणं पसंत करतात. मला हा सावधपणा पटतो.

आणखी एक धोक्याची बाजू. काही रुग्ण ताठ पायाच्याच आधारावर उभे राहतात. मांडीचा पुढचा स्नायू सैल केला आणि खाली बळच नसलं तर आजवर काठीनं चालणारा माणूस खाली बसेल. सगळा ताठरपणा काही शत्रू नसतो.

इंजेक्शननंतर सुई टोचलेल्या जागी दुखणं किंवा थोडा अशक्तपणा हे नेहमीचंच. पण गिळताना ठसका लागणं, आवाज बदलणं, धाप लागणं, मूल एकदम मलूल होणं, असं काही पुढच्या दिवसां-आठवड्यांत दिसलं तर वाट न बघता दवाखाना गाठावा. औषध दूरवर पसरल्याचं ते लक्षण असू शकतं. मायस्थेनिया ग्रॅव्हिस (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकं चालू असलेल्यांनी ते आधी सांगायलाच हवं.

खर्चाचं काय? औषध महाग आहे आणि कुपी थंड ठेवावी लागते. एकाच मोठ्या नसेचा प्रश्न असेल तर फिनॉलचं इंजेक्शन हा जुना आणि कितीतरी स्वस्त पर्याय आजही वापरात आहे, मात्र तो देणारा हात तयार हवा. सगळं अंगच ताठरत असेल तर बॅक्लोफेनसारख्या गोळ्यांचा विचार आधी होतो. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. अशा ठिकाणी डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्प्लिंट बनवणारे कारागीर एकाच आवारात भेटतात, हा मोठा फायदा. गावात फिजिओची सोय नसेल आणि स्प्लिंटचं माप घ्यायला कुणी नसेल, तर आधी ती सोय लावावी आणि मग इंजेक्शनची तारीख घ्यावी. उलट क्रमानं केलं तर तीन महिने हातचे जातात.

अपेक्षाही मापात ठेवलेली बरी. ब्रिटनमध्ये पक्षाघाताच्या ३३३ रुग्णांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांना हाताची थेरपी दिली, अर्ध्यांना जोडीला बोट्युलिनम. त्या हातानं कामं करण्याच्या क्षमतेत, जो मुख्य निकष होता, त्यात ठळक फरक पडला नाही. पण तळहात स्वच्छ करणं, बाहीत हात घालणं यांसारख्या गोष्टी सोप्या झाल्या. ज्या घरात रोज दोघांनी धरून सदरा चढवावा लागतो त्यांना याची किंमत विचारा. म्हणून ‘हात बरा व्हावा’ असं मोघम न ठेवता, नखं कापता यावीत, टाच बुटात बसावी, रात्री पेटक्यानं झोपमोड होऊ नये, असं एखादं ठरवून डॉक्टरांना सांगावं आणि फाइलमध्ये लिहून घ्यावं.

चार ते सहा आठवड्यांनी तपासणीला जाल तेव्हा सावकाश आणि झटक्याचे ते दोन कोन पुन्हा मोजायला सांगा. झटक्यातला कोन सुधारला आणि सावकाशचा तिथेच राहिला, तर औषधानं आपलं काम केलंय, आता प्लास्टर किंवा स्प्लिंटचे तास वाढवायचे. झटक्यातलाही हलला नसेल तर स्नायू चुकला, डोस कमी पडला, की मुळात तो आखूडच होता, याचा शोध घ्यायला हवा. आणि आखूडच असेल तर पुढची अपॉइंटमेंट हाडांच्या सर्जनची, स्नायूबंध (टेंडन) लांबवण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलायला.